पाचच्या आधीचं केळं

खोटं कशाला बोलू? त्या पोरीवर मी जळत होते. जळत होते म्हणजे अगदी चुलीत ओलं लाकूड घातल्यासारखी; आग कमी आणि धूर फार. दिशा तिचं नाव. वय चोवीस, नोकरी सहा आठवड्यांची, तीही कंत्राटी. आणि मी कुमुद, श्रीवर्धनच्या त्याच हॉस्पिटलात एकोणीस वर्षं ऑफिस सांभाळणारी. पण २०२१ च्या त्या मे महिन्यात पाच वाजले की सगळ्या फोनवरून एकच वाक्य यायचं, ‘जरा दिशाला द्या ना.’

पाचचे फोन आधी माझे होते. आमचं तीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल कोविडसाठी घेतलं गेलं आणि नातेवाइकांना आत यायची बंदी झाली, तेव्हा रोज संध्याकाळी पाच वाजता ऑफिसातून प्रत्येकाच्या घरी फोन करायचा ही पद्धत मीच घातली. वरद डॉक्टरांनी तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, ‘कुमुदताई आहेत म्हणून हे चाललंय.’ ते वाक्य मी वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

फोनची माझी रीत साधी. अकरा वाजता वॉर्डातून शीट यायची. त्यावर खाट, नाव, ऑक्सिजनचा आकडा. संध्याकाळी ती समोर धरायची आणि सांगायचं, ‘तब्येत स्थिर आहे, उपचार चालू आहेत, काळजी करू नका.’ पुढचा नंबर. तीस घरं पाऊण तासात. याहून जास्त द्यायला माझ्याकडे काही उरतही नव्हतं. ऑफिसात आम्ही तिघं होतो. हरेश्वर स्वतःच आजारी पडला, दुसरीच्या घरच्यांनी तिला येऊ दिलं नाही. राहिले मी. भरती, डिस्चार्ज, मृत्यूचे कागद, इंजेक्शनचे फॉर्म, तहसीलला चारच्या आत रिकाम्या खाटांचा आकडा, आणि या सगळ्यावर ते पोर्टल, जे तिसऱ्या पानावर गेलं की बंद पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी रोज संध्याकाळी वरून एखादा नवा तक्ता यायचा. कालच्या तारखेपासून भरून हवा असायचा.

मदतीला म्हणून दिशाला घेतलं. बंदरावरच्या कोळीवाड्यातली, धनेश नावाच्या बोटवाल्याची मुलगी. मला वाटलं, आली ते बरं झालं, पोर्टल तिच्या गळ्यात घालू. पण दुसऱ्याच दिवशी मला घेरी आली आणि डॉक्टर म्हणाले, ‘आजचे फोन दिशा करेल.’ आजचे म्हणता म्हणता ते तिचेच झाले. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

तिची रीत निराळी. ती शीटला हात लावायची नाही. पावणेपाचला वॉर्डात इंटरकॉम लावायची, एका वहीत काय काय लिहून घ्यायची आणि मग घरोघर सांगायची, ‘तुमच्या बाबांनी आज पेज घेतली, पण अर्धीच. खोकला कालच्यापेक्षा जास्त हाय.’ एकदा एका बाईला तिनं सरळ सांगितलं, ‘आज बरं नाय त्यांना. डॉक्टरांच्या तोंडावर काळजी दिसली मला.’

फोन ठेवल्यावर मी तिला झापलं. ‘असं सांगतात का कुणाला? स्थिर आहे म्हणायचं.’

‘पण स्थिर नव्हते ना ते, ताई.’

‘म्हणून काय झालं? त्या बाईनं रात्र कशी काढायची?’

‘आमच्यात पाण्यावर गेलेल्या माणसाशी नि त्याच्या घरच्यांशी खोटं बोलत नाय,’ ती म्हणाली. ‘वायरलेसवर बाबांनी विचारलं की घरी कोण आजारी हाय का, तर आई हाय ते सांगते. ती म्हणते, किनाऱ्यावरचं खोटं बोटीला लागतं.’

‘ही बोट नाही, हॉस्पिटल आहे,’ मी म्हटलं.

तिनं रीत काही बदलली नाही. आणि गंमत बघा, वाईट बातमी ऐकूनसुद्धा लोक तिलाच मागायचे. माझ्या गोड ‘स्थिर’ला कुणी विचारेना.

इतपत मी सोसलं असतं. नव्याचे नऊ दिवस, म्हटलं असतं. पण मग अण्णा आजारी पडले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर. आदल्या वर्षीच्या वादळात वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा हा माणूस एक शब्द बोलला नव्हता. पडलेली खोडं मोजून आला आणि हात धुऊन पूजेला बसला. माझ्याशीही त्यांचं बोलणं मोजकंच. ‘चहा ठेवलाय.’ ‘हं.’ ‘सुपारी सोलायला बाया आल्यात.’ ‘हं.’ बावीस वर्षांत ते मला कधी टाकून बोलले नाहीत आणि त्यांनी कधी चांगलंही म्हटलं नाही. घरात माझा नवरा सुयश आणि मी निगेटिव्ह निघालो, अण्णा तेवढे पॉझिटिव्ह. मीच त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं, मीच फॉर्म भरला. नातेवाइकाच्या रकान्यात माझं नाव, माझाच नंबर. त्यांना खाट मिळाली तीन नंबरची. इंटरकॉम त्याच खाटेपाशी भिंतीवर होता.

पहिल्या दिवशी मी इंटरकॉम लावला. म्हटलं, ‘अण्णा, कसं वाटतंय?’

‘बरं आहे. तू तुझं काम कर,’ ते म्हणाले आणि फोन ठेवला.

बसलं ते मनाला. सून बाहेर चाळीस पावलांवर बसली आहे, सकाळपासून पाण्याचा घोट नाही तिच्या पोटात, आणि तिला हे उत्तर! मी ठरवलं, आता तुम्ही बोलवाल तेव्हाच बोलेन. मृणाली सिस्टर येता-जाता त्यांचा ऑक्सिजन सांगायची, तेवढं मला पुरे होतं. म्हणजे नव्हतं, पण मी तसं धरून चालले होते.

आणि दुसऱ्या दिवशी पावणेपाचला दिशानं इंटरकॉम लावला, तर पलीकडून मला हसू ऐकू आलं. बारीक, धाप लागलेलं, पण हसूच. अण्णांचं. सिस्टर त्या किटमध्ये घामाघूम होऊन फोनपर्यंत पोहोचायच्या आत रिंग बंद पडायची, म्हणून अण्णाच हात लांबवून उचलायला लागले होते. उचलायचे आणि बोलत बसायचे. माझ्याशी बावीस वर्षांत जेवढं बोलले नसतील तेवढं चार दिवसांत तिच्याशी बोलले. दिशा वहीत लिहायची, मान हलवायची, आणि शेवटी माझ्याकडे एक नजर टाकून हळूच म्हणायची, ‘हो अण्णा, खरंच.’

काय ‘खरंच’? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवरा परका झाला असता तरी एवढं लागलं नसतं, असंही एकदा मनात आलं. माझा सासरा, माझा फोन, माझं ऑफिस. आणि मध्ये ही कोण?

त्यात तिचं ते केळं. रोज साडेचार वाजले की माझ्या टेबलावर एक वेलची केळं ठेवायची आणि उभी राहायची. ‘ताई, आधी खा. मग मी फोनला बसते.’

‘मला भूक नाही.’

‘मग मी उभीच राहते.’

समोर तीस घरं वाट बघत असायची. मी चरफडत ते केळं कोंबायची. मला वाटायचं, ही मला आजारी, म्हातारी, दयेची बाई ठरवायला निघाली आहे. उद्या डॉक्टरांना सांगेल, ताईंना झेपत नाही. सुरुवातीला आलेली घेरी हिनं पाहिली होतीच.

पाचव्या दिवशी माझा तोल सुटला. दुपारी वरद डॉक्टर दारातून म्हणाले, ‘दिशाचे फोन चांगले चालतात हं. लोक शांत आहेत.’ माझ्याकडे न बघता म्हणाले. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, ‘वरच्या खोलीत एप्रिलच्या सगळ्या फायली आहेत. पोर्टलवर चढवायच्यात. आजपासून तू वर बस. फोन मी करीन.’

‘ताई, फोन तेवढे मला...’

‘इथे कुणी काय करायचं हे मी ठरवते.’

ती उठली. पिशवीतून केळं काढून माझ्यासमोर ठेवलं. ‘एवढं खा मात्र,’ म्हणाली आणि जिना चढून गेली. मी ते केळं ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर पायानं ढकलून बंद केला. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

पाचला मी अकराची शीट समोर धरली. पहिलाच नंबर केसरचा. तिचा नवरा शिवदास, बोटीवरचा तांडेल, खाट नऊ. सकाळचा आकडा एक्याण्णव.

‘तब्येत स्थिर आहे, उपचार चालू आहेत, काळजी करू नका.’

‘बाय, दिशाला द्या ना जरा.’

‘दिशा कामात आहे.’

‘मग तुमीच सांगा. त्यांना खरा कसा हाय? सकालपासून माझा जीव थाऱ्यावर न्हाय.’

‘सांगितलं ना, स्थिर.’ मी ठेवला. पुढचा नंबर. मग पुढचा. प्रत्येक घरातून तोच प्रश्न, दिशा कुठंय. मास्कमधून बोलून बोलून माझा घसा बसला. अकरा घरं झाली असतील, तेव्हा भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. वॉर्डातून.

मी उचलला. बोलायच्या आधीच पलीकडून आवाज आला. ‘दिशा? आज फोन नाही केलास, पोरी?’

अण्णा. मी ‘मी कुमुद’ म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. ही दोघं रोज काय बोलतात ते मला ऐकायचंच होतं. घोगऱ्या आवाजात नुसतं ‘हं’ म्हटलं.

‘लिहून घे,’ अण्णा म्हणाले. दोन-दोन शब्दांवर थांबत होते. ‘पाच नंबरनं पेज घेतली सगळी. सात नंबरचा ताप उतरला. बारा नंबर रडत होता, त्याच्या मुलीचा आवाज ऐकवता येईल का बघ. आणि नऊ नंबर, शिवदास. त्याचा आकडा घसरलाय. डॉक्टर आत्ताच म्हणाले, सहाला अलिबागला हलवणार. त्याच्या बायकोला सांग आधी. गाडीत घालताना लांबून का होईना, बघून घेईल.’

म्हणजे दिशाची वही ही होती. अंथरुणावर पडल्या पडल्या अण्णा सगळ्या वॉर्डाकडे बघत होते आणि तिला सांगत होते. आणि मी पंधरा मिनिटांपूर्वी केसरला म्हटलं होतं, स्थिर.

‘लिहिलंस?’

‘हं.’

‘आता माझं. आज खाल्लं का तिनं?’

मला कळेना.

‘आमची कुमुद गं. खाल्लं का काही? सकाळी डबा न घेता निघते ती. माहितीये मला, ओट्यावर तसाच असायचा. घरी मी कधी विचारलं नाही. सासऱ्यानं सुनेला जेवलीस का विचारायचं, आमच्यात कोण विचारतं? आणि विचारलं तरी ती हो म्हणणार.’ ते दम घ्यायला थांबले. ‘तू खोटं सांगत नाहीस म्हणून तुला विचारतो. नसेल खाल्लं तर नाही सांग.’

एक गोष्ट मी कबूल करते. त्या क्षणीसुद्धा आधी मला हेवाच वाटला. मला विचारायचं ते हिला का विचारलंत, बावीस वर्षं मी समोर होते, मला का नाही विचारलंत? आणि मग रडू आलं. ते केळं, ती उभी राहणारी पोरगी, ते ‘हो अण्णा, खरंच’. तिला त्यांना खोटं सांगायचं नव्हतं, म्हणून ती रोज खरं करून घेत होती.

‘हो’ शब्द माझ्या जिभेवर तयार होता. वर्षभर तीस घरांना रोज देत आले होते तसलाच. पण तो काही बाहेर येईना.

‘एक मिनिट,’ मी म्हटलं. ड्रॉवर ओढला, रिसीव्हर खांद्यानं धरला, केळं सोललं आणि मास्क खाली करून खाल्लं. तीन घासांत संपवलं.

‘खाल्लं,’ मी म्हटलं.

‘अख्खं?’

‘अख्खं.’

‘बरं. ठेव आता. आधी शिवदासच्या घरी लाव.’

पाच वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी केसरचा नंबर फिरवला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

‘केसरताई, मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. सकाळच्या कागदावरून सांगितलं. शिवदासना बरं नाही. सहा वाजता अलिबागला नेतायत. मागच्या गेटला या, रुग्णवाहिका तिथून निघेल. जशा असाल तशा निघा.’

पलीकडे काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला. ‘कोन बोलतंय?’ तिनं विचारलं, आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवला.

मग मी जिना चढून वर गेले. दिशा फायलींच्या ढिगात बसली होती, पोर्टल तिसऱ्या पानावर बंद पडलं होतं. मी म्हटलं, ‘खाली चल. एकोणीस घरं राहिलीत. आणि आधीच्या अकरांनाही पुन्हा लावायचेत. मी चुकीचं सांगितलंय.’

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ‘अण्णांना...’ ती चाचरली. ‘त्यांना काय सांगू आज?’

‘सांगून झालं,’ मी म्हटलं. ‘मी खाल्लं.’

ती फाइल मिटून उठली. एक शब्द बोलली असती तर मी पुन्हा तिच्यावर ओरडले असते. आम्ही दोन फोन घेतले आणि समोरासमोर बसलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा एका माणसाला म्हटलं, ‘मला माहीत नाही, विचारून सांगते,’ आणि खरंच उठून वॉर्डाच्या काचेपाशी जाऊन विचारून आले.

सहाला गाडी मागच्या गेटला लागली. केसर पोहोचली होती, पायात चप्पल नव्हती. शिवदासला स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा ती तारेच्या कुंपणाला धरून ओरडली, ‘ओ! मी हाय इथं! बगा, मी हाय!’ त्यानं मास्कसकट मान तिच्याकडे वळवली आणि हात थोडासा वर केला. गाडी म्हसळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग मागे वळली आणि दिशाला बघून तिनं दुरूनच हात जोडले.

‘दिशा, बाय माझी, तू फोन केलास म्हनून गावले गो ते. न्हायतर त्या बायनं मना स्थिर सांगून ठेवलेला.’

दिशानं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. त्या बाईला आता कोण बरं आणि कोण वाईट याचा हिशोब देत बसायची वेळ नव्हती. पण झोंबलं मला. खरं सांगते, फार झोंबलं. नाकाला मिरच्या लागल्यासारखं पाणी आलं डोळ्यांत, आणि ते कसलं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

शिवदास अलिबागहून बावीस दिवसांनी परत आला. अण्णा मात्र आमच्याकडूनच सुटले, अकराव्या दिवशी. त्यांचा डिस्चार्जचा कागद मीच केला. तोवरचे उरलेले दिवस पाचचे फोन दिशानंच केले. मी फक्त पावणेपाचला तिच्या आधी एकदा काचेपाशी जाऊन यायला लागले. अण्णांना तिथून हात करायची. ते मान हलवायचे. ‘हं’सारखी.

घरी आले तेव्हा पायऱ्या चढताना तीनदा थांबले. पडवीत आरामखुर्ची टाकली होती. त्यात टेकले, वाडीकडे बघितलं, नवीन लावलेल्या पोफळीच्या रोपांना पाणी घातलंय का ते सुयशला विचारलं. मग दिशा कशी आहे विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. पण मनात चरचरलंच. घरी येऊन माणसांत त्यांनी आधी तिचंच नाव काढलं होतं. जळायची सवय अशी एका केळ्यानं जात नाही.

मी आत जायला वळले. दुपारचे अडीच वाजले होते, भात अजून व्हायचा होता.

‘कुमुद,’ अण्णांनी हाक मारली. ‘जेवलीस का?’

सुयशनं मान वर करून बघितलं. या घरात हा प्रश्न या आवाजात कुणी ऐकला नव्हता. माझ्या जिभेवर पुन्हा ते ‘हो’ आलं, तयार, सरावाचं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘सकाळपासून काहीच नाही.’

अण्णांनी मान हलवली. शेजारच्या खुंटाळ्याला वाडीतला घड टांगलेला होता. त्यांनी बसल्या बसल्या हात लांबवला, इंटरकॉमला लांबवत असतील तसाच, आणि एक केळं तोडून माझ्यापुढे धरलं.

‘त्या दिवशी फोनवर फार घाईत खाल्लंस,’ ते म्हणाले. ‘आता सावकाश खा.’